इथे हात लावू नये

त्या रविवारी सकाळी मी तीनदा बूट घातले आणि तीनदा काढले. चौथ्यांदा घातले तेव्हा बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जायचं तर जा, नाहीतर बूट तरी काढा. फरशी आत्ताच पुसलीय." तिला मी एवढंच सांगितलं होतं, की एका जुन्या विद्यार्थिनीला पत्र नेऊन द्यायचंय, महाळुंग्याला. पत्र शर्टाच्या खिशात होतं. कॉलेजच्या लेटरहेडवर, टाइप केलेलं, सही-शिक्क्यासकट. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी ते पत्र खोटं होतं.

शुक्रवारी तिचा मेसेज आला होता. पाच वर्षांत पहिलाच. पीएचडीची नोंदणी रद्द होतेय. विलंबाला विद्यार्थी जबाबदार नाही असं मार्गदर्शकाचं कारणासहित पत्र जोडलं तर विद्यापीठ पुन्हा नोंदणी देतंय, ही शेवटची संधी आहे. पत्र द्याल का? आणि खाली, वेगळ्या ओळीत: "त्या प्रयोगशाळेने मोजलेला आकडा वाचला, सर." बस, इतकंच. ना तक्रार, ना टोमणा. तो मेसेज मी दिवसभरात किती वेळा उघडला असेल, याची गणती नाही. वर्गात शिकवताना फोन टेबलावर उपडा ठेवला, तरी हात तिकडे जात होता.

मी चिंचवडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. तिसऱ्या मजल्यावर, इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या शेजारी, 'संशोधन केंद्र' अशी पाटी असलेली एक खोली आहे. तीन टेबलं, गळका एसी आणि रात्रंदिवस घुमणारा एक कॉम्प्युटर. विषय सैद्धांतिक अणुभौतिकी. आमच्या सोसायटीतले एक काका कंपनीतून निवृत्त झालेले, ते मला बरीच वर्षं अणुबॉम्बवाला समजत होते. एकदा विचारलं, "प्रयोग कुठे करता हो सर?" मी म्हणालो, "कागदावर." त्यांना ती माझी विनयशीलता वाटली.

काम काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. क्वांटम कॉम्प्युटर बनवायची एक पद्धत अशी: हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत एकेक अणू लेसरच्या किरणात धरून ठेवायचा, जणू प्रकाशाचा चिमटाच. त्या अणूच्या दोन पातळ्या म्हणजे शून्य आणि एक. अडचण अशी, की जो प्रकाश अणूला धरतो तोच या दोन पातळ्यांना ढकलतोही, आणि दोघींना सारखं ढकलत नाही. त्यांच्यातलं अंतर हललं की अणूने लक्षात ठेवलेलं पुसट होत जातं. पण प्रकाशाचा एखादा रंग असा असतो, की त्यात दोन्ही पातळ्या सारख्याच सरकतात आणि अंतर कायम राहतं. त्याला मॅजिक वेव्हलेंग्थ म्हणतात. ती कुठे आहे हे लेसर बदलून बदलून शोधायचं तर वर्षं जातात. म्हणून प्रयोगवाले आधी आमच्यासारख्यांना विचारतात. विहीर कुठे खणायची ते सांगणारा पाणाड्या असतो ना, तसा मी. त्याच्या तळहातावर नारळ, माझ्यापुढे समीकरणं. पाणी लागलं नाही तर खड्डा मात्र दुसऱ्याच्या रानात.

एका जड अणूसाठी असा आकडा मी काढला होता. अणूचं नाव आता दुरुस्तीच्या टिपणात छापून आलंय, इथे नको. तो शोधनिबंध म्हणजे माझ्या आयुष्याची एकमेव मिळकत. परदेशातून ईमेल यायचे ते त्याच्यामुळे, परिषदांची बोलावणी त्याच्यामुळे, सरकारी प्रकल्प मिळाला तोही त्याच्यामुळेच. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेने तर त्या आकड्यावर विसंबून लेसर बनवून घेतला होता.

ज्या प्रोग्रामने तो आकडा दिला तो माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या काळातला. फोरट्रान या जुन्या संगणकी भाषेतला. मधेमधे मी टिपा लिहिल्यात, मराठीत पण रोमन अक्षरांत. एका ओळीवर लिहिलंय, 'इथे हात लावू नये'. तीस वर्षांपूर्वी तिथे काहीतरी बदललं आणि सगळं कोसळलं, म्हणून चिडून लिहिलेलं. का कोसळलं, हे शोधलं नाही. पूर्ववत केलं आणि पुढे गेलो.

आमच्या खोलीत एक रीत होती. नवीन विद्यार्थी आला, की त्याने आधी माझा जुना आकडा काढून दाखवायचा. आम्ही त्याला जुळवणी म्हणायचो. जुळवणी झाल्याशिवाय नवा अणू मिळायचा नाही. ही रीत माझ्या गुरूंची, मी पुढे चालवलेली. सगळे माझाच प्रोग्राम घ्यायचे, आठवड्याभरात आकडा यायचा, मग आम्ही खाली जाऊन वडापाव खायचो.

ती आली ती राजगुरुनगरच्या कॉलेजातून बीएस्सी आणि पुण्यातून एमएस्सी करून. वडलांचं चाकण-तळेगाव रस्त्यावर टेम्पोचं गॅरेज. घरी चार पिढ्यांचं वास्तव्य चाकणचंच, रमजानात ती दुपारी कँटीनला यायची नाही, आणि आम्ही वडापाव खायला निघालो की म्हणायची, "माझ्या वाटचा संध्याकाळसाठी बांधून द्या." जुळवणीसाठी मी तिला माझा प्रोग्राम दिला. दोन दिवसांनी परत घेऊन आली.

"सर, तुमचाच प्रोग्राम चालवून तुमचाच आकडा आला, तर त्यात जुळलं काय?"

हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना कौतुकाने सांगितलं. एका परिषदेत व्यासपीठावरूनसुद्धा. तिने पहिल्या ओळीपासून स्वतःचा प्रोग्राम लिहिला. वर्ष लागलं. आकडा आला तो माझ्यापेक्षा काही नॅनोमीटर बाजूला.

"तुझं कुठेतरी चुकतंय," मी म्हणालो. न बघता. पंचवीस वर्षं काम केलेला माणूस दीड वर्ष केलेल्याला असंच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं, म्हणूनच घात होतो.

सात महिने ती चूक शोधत होती. दर सोमवारी कागदांचा गठ्ठा घेऊन यायची. या पातळीवरून त्या पातळीवर जाण्याचा आकडा माझ्याकडे इतका, तिच्याकडे इतका, असे शंभरेक. सगळे जुळत होते. मी आकडे पाहायचो, त्यांच्यापुढचं अधिक-उणे पाहत नव्हतो. आमच्या विषयात त्या चिन्हांना सहसा अर्थ नसतो. एका सोमवारी ती म्हणाली, "सर, आपले सगळे आकडे जुळतात. फक्त बेरीज जुळत नाही."

"मग बेरीज शिक," मी म्हणालो.

खोलीतले दुसरे दोन विद्यार्थी हसले. तीही हसली, जरा उशिरा. तिने मग ती ओळ पाहायला मागितली, हात लावू नये वाली. मी म्हटलं, "लिहिलंय ना तिथे? वाचता येतं ना?" पुन्हा हसू.

त्याच सुमारास दक्षिणेतल्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. अतिशय सभ्य. तिथल्या प्रमुखांनी लिहिलं होतं, की अणू अपेक्षेपेक्षा फार लवकर विसरतोय. तुमच्या आकड्याची तुम्हाला खात्री आहे ना? मी उत्तर दिलं, चुंबकीय क्षेत्राचं आवरण तपासा. तिथले लोक त्याच्यावर वर्षभर खपले, हे मला नंतर कळलं.

पण ते पत्र पायात काट्यासारखं रुतून बसलं. मी चालायला जायचो, अर्ध्यातून परतायचो. जेवताना उठायचो. दिवाळीच्या सुट्टीत एका शनिवारी दुपारी कॉलेजात गेलो. वॉचमन सोडला तर कोणी नव्हतं. प्रोग्राम उघडला, त्या ओळीवर गेलो आणि पहिल्यांदाच कागद-पेन घेऊन ती ओळ नीट सोडवली.

सांगायला लाज वाटते इतकी साधी चूक. अर्धं सूत्र मी गुरूंच्या वहीतून घेतलेलं, अर्धं एका पुस्तकातून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पण एकाने मोजायला डावीकडून सुरुवात केलेली, दुसऱ्याने उजवीकडून. त्यामुळे एक उणे चिन्ह जास्तीचं आलं. एरवी आमच्या गणितात प्रत्येक आकड्याचा वर्ग होतो आणि वर्गात चिन्ह मरून जातं, म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. पण या कामात तीन वेगवेगळ्या आकड्यांचा गुणाकार होता. तिथे चिन्ह जिवंत राहतं.

मग छापण्याआधी मी ज्या एका जुन्या मोजमापाशी आकडा ताडून पाहिला होता, त्याच्याशी तो जुळला कसा? हे कुणी मला आजपर्यंत विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. असलं गणित पायरीपायरीने वाढवत न्यायचं असतं, आणि कुठे थांबायचं हे करणाऱ्याच्या हातात असतं. मी जिथे जुळलं तिथे थांबलो. आणखी दोन पायऱ्या गेलो असतो तर बिघडलं असतं, आणि बिघडलं असतं तर चिन्ह सापडलं असतं. न जुळलेल्या गोष्टीमागे माणूस वर्षभर लागतो, जुळलेलीकडे वळून बघत नाही.

उणे काढलं. प्रोग्राम चालायला तासभर लागला. आकडा आला, चौथ्या अंकापर्यंत तिचा.

मी ते उणे परत घातलं. फाइल सेव्ह केली. कॉम्प्युटर तसाच ठेवून खिडकीशी गेलो. खालच्या पार्किंगमध्ये माझी एकटीच स्कूटर उभी होती. वॉचमनने वर बघून विचारलं, सर, चहा आणू का? मी हो म्हणालो आणि तो चहा प्यायलो. इतकंच केलं मी.

सुट्टीनंतर सांगायचं ठरवलं. मग जानेवारीत प्रकल्पाची तपासणी होती, ती होऊ दे म्हटलं. मग एक परिषद होती. दर सोमवारी ती गठ्ठा घेऊन येत होती आणि मी पेन्सिल घेऊन तिच्या कागदांवर खुणा करत होतो. खुणा. मला चूक कुठे आहे ते माहीत असताना, माझ्या चुकीच्या खुणा तिच्या कागदांवर. होळीच्या आठवड्यात ती गठ्ठ्याशिवाय आली. म्हणाली, सर, मला नाही जमत हे, मी नोकरी बघते. मी म्हणालो, विचार कर. तिने केला असेल विचार. पुढच्या सोमवारी टेबल रिकामं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, नखांत मात्र ग्रीस. खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "पोरीनं तुमची तीन वर्सं वाया घालवली, सर. माफी असावी. आमच्यात कुनी इतकं शिकलं न्हाई, तिला झेपलं न्हाई ते." मी म्हणालो, असं काही नाही. त्यांनी मान हलवली. "न्हाई, ती सोताच म्हनती. सर बरोबर हायेत, माझंच कुटं तरी चुकतंय, पन घावत न्हाई." आणि हात जोडले.

मी ते हात जोडलेले पाहिले आणि म्हणालो, "चहा घेणार?"

त्यांना सोडायला खाली पार्किंगपर्यंत गेलो. मी स्कूटर चालू केली तर त्यांचे कान टवकारले. म्हणाले, आवाज बरा न्हाई. नको नको म्हणेस्तोवर त्यांनी स्वतःच्या मोटरसायकलच्या डिकीतून पाने काढले आणि त्या पांढऱ्या शर्टासकट खाली आडवे झाले. वीस मिनिटं. मी उभा राहून त्यांचा हातरुमाल धरला. मुलीच्या वतीने ते माझी भरपाई करत होते आणि मी ती करून घेत होतो. गाडी पुढे कितीतरी दिवस लोण्यासारखी चालली.

पाच वर्षं गेली. तिला सांगायला मी दोनदा निघालो आणि अर्ध्या वाटेवरच्या तळवड्यापर्यंत जाऊन परत आलो. एकदा ट्रॅफिकचं निमित्त केलं, एकदा तेवढंही नाही. तिकडे त्या प्रयोगशाळेने कंटाळून स्वतःच लेसर बदलत बदलत खरा रंग शोधून काढला. त्यांच्या निबंधात आमचा उल्लेख एका ओळीत: सैद्धांतिक आकड्याशी फरक आढळतो, कारण अस्पष्ट. कोणी फोन केला नाही, कोणी रागावलं नाही. जगाने माझा खड्डा वळसा घालून ओलांडला होता. अडकून राहिली होती ती एकटीच.

तर, पत्र. मी लिहिलं होतं: 'नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या मोजमापाच्या आधारे मार्गदर्शकाच्या पूर्वीच्या गणनेत त्रुटी असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब विलंबास विद्यार्थिनी जबाबदार नाही.' तिची नोंदणी होईल, आणि माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. शिक्का मारताना मला वाटलं होतं, झालं, सुटलो. आणि त्या क्षणापासून एका जागी बसवेना.

महाळुंग्याला ती मापं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. आजूबाजूच्या कारखान्यांत पार्ट मोजायची जी गेजं असतात ती ठरलेल्या मुदतीने इथे येतात. गेजच झिजलेलं असेल तर चांगला पार्ट फेकला जातो. रविवारी ती कामावर होती, तिकडची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. शेवटी जेवून निघालो, आणि नव्या गाड्या लादलेल्या ट्रेलरांच्या मागे रांगत मी पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. ती बाहेर आली. चष्मा लागलाय. पांढरा कोट, हातात सुती मोजे. मला बघून ती इतकं मोकळं हसली, की मला परत फिरावंसं वाटलं.

पुढच्या खोलीत बसलो. चहा आला. काम कसं चाललंय, खोलीतला एसी अजून गळतो का, असं ती विचारत राहिली. मग मी पत्र दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

"थँक यू, सर," ती म्हणाली. "अब्बांना दाखवते आज. त्यांना वाटतं मी अर्धवट सोडून पळाले."

तिने पत्राची घडी घातली. मी उठलो, पुन्हा बसलो. तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का?

"मला हे आधीच माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"त्या 'हात लावू नये' ओळीतलं चिन्ह. तुझा आकडा बरोबर आहे, हे."

"म्हणजे त्यांचा पेपर यायच्या आधी?"

"तू सोडायच्या आधी. दिवाळीच्या सुट्टीत मी ते उणे काढून पाहिलं होतं. तुझा आकडा आला. मी परत घातलं."

ती मोज्याची बोटं एकेक करून ओढत हातातून काढत राहिली. मग म्हणाली, "दिवाळी ते होळी."

"हो."

"त्यानंतर चार महिने मी येत होते. दर सोमवारी."

"हो."

"आणि तुम्ही पेन्सिल घेऊन बघायचात."

आतून कुणीतरी तिला हाक मारली, कुठल्याशा गेजबद्दल विचारत. ती तिथूनच म्हणाली, "ते रिजेक्टच आहे, परत मोजून फरक नाही पडणार." आवाज अगदी सरळ होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अब्बा तुमच्या स्कूटरीखाली आडवे झाले होते, सर. घरी येऊन शर्ट धुवायला टाकला तेव्हा सांगितलं त्यांनी. सरांचं काहीतरी काम आपल्या हातून झालं म्हणून खूश होते."

मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा रडेल. कित्येक वेळा मी तो प्रसंग मनात रंगवला होता, आणि दरवेळी त्यात माझी काहीतरी उत्तरं असायची.

तिने पत्राची घडी उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "यात 'नुकत्याच' म्हटलंय."

"हो."

"आमच्या इथे दाखल्यावर खोटी तारीख टाकली तर दाखला फाडून भागत नाही. माणूस काढतात." तिने टेबलाच्या खणातून कोरे कागद काढले. "दुसरं लिहा. तुम्हाला कधी कळलं ते घालून. टाइप नको, हाताने. इथेच."

मी म्हणालो, आहे त्या पत्राने तुझी नोंदणी महिन्याभरात होईल. असं लिहिलं तर समिती नेमतील, लांबेल, कदाचित तुझ्यावरच उलटेल. हे तिच्या काळजीपोटी म्हणालो, की अजूनही स्वतःसाठी वाट शोधत होतो, हे आज मला सांगता येत नाही.

"लांबू दे," ती म्हणाली. "सात महिने मी चूक शोधलीय. दोन महिने समितीला देते."

मी लिहिलं. तीन ओळींना अर्धा तास लागला. ती समोर बसून होती, एकदा फक्त म्हणाली, "'त्रुटी निदर्शनास आली' नको, 'मी तपासून पाहिली' लिहा." लिहून झाल्यावर विचारलं, दुरुस्तीचं टिपण पाठवतोय, त्यात तुझं नाव आधी घालू? ती म्हणाली, "टिपण तुमचं तुम्ही पाठवा. माझा आकडा मी वेगळा पाठवीन. गाइडही दुसरे बघते." आणि उठून मोजे परत चढवताना म्हणाली, "अब्बांना मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगा. गॅरेज वाटेवरच आहे."

वाटेवर नव्हतं. पण गेलो.

तिचे वडील एका टेम्पोचं चाक उतरवत होते. मला ओळखून लगबगीने उठले, बसायला स्टूल पुसलं. मी उभ्यानेच सांगितलं. गणितातलं काही सांगितलं नाही. तुमच्या मुलीचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं, तुम्ही कॉलेजात आलात तेव्हा मला ते माहीत होतं, एवढंच. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजी पोरगी बरोबर हुती?"

"पहिल्यापासून."

"तिला सांगितलं का तुमी?"

"आत्ता. तिथूनच येतोय."

ते चिंध्यांनी हात पुसत राहिले. आधी तळहात, मग एकेक बोट. "पाच वर्सं ती घरात गप हाय," ते म्हणाले. "आमी म्हनायचो, नशीब." मग चिंधी खांद्यावर टाकली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "जावा आता, सर. गिऱ्हाईक उभं हाय."

गिऱ्हाईक कुणीही उभं नव्हतं.

सोमवारी मी पत्र घेऊन विद्यापीठात गेलो. मेलने पाठवता आलं असतं. पण मेल लिहून मी तो कितीदा पाठवला नसता, हे मला माहीत आहे. आवक खिडकीवरच्या बाईंनी पत्र वाचायला घेतलं. रोज असली शेकडो पत्रं बघणाऱ्या बाई, वाचता वाचता दुसऱ्या ओळीवर थांबल्या.

"सर, तुम्हाला कळल्याची तारीख पाच वर्षांपूर्वीची पडलीय. साल चुकलं वाटतं."

"नाही. बरोबर आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागे रांगेत दोन-तीन विद्यार्थी होते. मला वाटलं त्या अजून काही विचारतील, आणि खरं सांगतो, विचारावं असं वाटत होतं. त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं.

"मग तारखेशेजारी छोटी सही करा. नाहीतर वरून शंका काढून परत पाठवतात, आणि विद्यार्थ्याचं अडकतं."

मी सही केली. माझा हात आडवा येत होता म्हणून त्यांनी तो जरासा बाजूला सारला, आणि शिक्का मारला.